माळवदाचं वजन

दादाचा फोन आला तेव्हा मी सुरतेत साड्यांचे धागे कापत बसले होते. "घर पाडायचंय," तो म्हणाला. "घरकुल मंजूर झालंय. हक्कसोडीवर तुझी सही लागती. ये." मी "येते" म्हणाले आणि हातातली साडी पुरी केली.

सिरसाळ्याजवळच्या आमच्या गावातलं हे घर पणजोबानं निजामाच्या राज्यात बांधलं. त्याच्या बैलगाड्या होत्या, सरकारी माल वाहायचा. घराच्या तुळया त्यानं स्वतःच्याच गाड्यांतून आणल्या, असं वडील सांगायचे. जागेचा जुना कागद उर्दूत आहे. तो वाचणारं घरात कुणी उरलं नाही. पणजोबानंतर गाड्या गेल्या, जमीन वाटण्यांत गेली, आणि आजोबांपासून घरचे ऊसतोडीला जाऊ लागले.

घराला माळवद. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर मातीचं सपाट छत. दरवर्षी तोडीवरून आलं की पावसाच्या आधी वर पांढरी माती टाकायची, पाणी मारून तुडवायची. हे काम पोरींचं. सहावीत शाळा सोडून मी आईबरोबर तोडीला गेले, पण माती तुडवायला दरवर्षी घरी असायचेच. खरं तर आधी जुनी माती खरवडून काढायची असते. आम्ही कधीच काढली नाही. तोडीवरून आल्यावर कुणाच्या अंगात जीव असायचा? थरावर थर चढत गेले आणि तुळया वाकल्या.

मी पोचले तेव्हा दादा त्याच तुळयांखाली खाटेवर बसला होता.

"बघ, हे तुमी पोरींनी केलंय," वर बोट दाखवून तो म्हणाला. "सासरी गेल्या अन् वजन हितंच ठेवलं."

वहिनी चुलीपुढून म्हणाली, "ताईंना कावून बोलताव? माती वाहून कुणी दिली मंग? गाढवावानी येरझाऱ्या तर तुमीच घालत व्हताव."

मीही हसले. हसण्यासारखंच होतं.

लॉकडाऊनमध्ये सुरतेतले कापडाचे लूम बंद पडले तेव्हा नवरा, मी आणि दोन पोरं पाच महिने ह्याच घरात राहिलो. दादानं एकदाही "कधी जाताव" विचारलं नाही. माझं लग्न त्यानं केलं, दोन्ही बाळंतपणं त्यानं केली. अशा माणसाला सही देणार नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. फक्त एक विचारायचं होतं. पुन्हा काम बंद पडलं तर नव्या घरात आम्हाला जागा असेल का? एसटीत मी ते वाक्य कितीदा तरी मनात म्हणून पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी परळीला रजिस्ट्री ऑफिसात साहेबांनी विचारलं, "राजीखुशीनं सोडताय ना? कुणाचा दबाव न्हाई?"

"न्हाई."

साहेबांना फोन आला. तेवढ्यात दादानं पिशवीतून नव्या घराचा नकाशा काढला. एक हॉल, एक स्वयंपाकघर, एक खोली. "ही खोली पोराच्या लग्नाला," तो म्हणाला.

"दादा, एक बोलू?"

"बोल की."

तो नकाशाची घडी घालायचा थांबला. त्याचा चेहरा ओढला गेला. मी काय विचारणार ते त्याला माहीत होतं.

"मोरी जरा मोठी काढा," मी म्हणाले. "वहिनीला धुणं धुवायला अडचण व्हती."

"आगं, काढू की!" तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की साहेबांनी फोनवरून मान वर केली. खिशातलं पेन काढून त्यानं तिथंच मोरीची रेघ पुढं सरकवली.

मी सही केली, अंगठा दिला, कॅमेऱ्यापुढं बसले. बाहेर आल्यावर दादानं चहा सांगितला. तो आम्ही उभ्यानंच घेतला.

"ऱ्हा की दोन दिवस," तो म्हणाला. "पाडायला अजून टाइम हाय."

"पोरांची शाळा हाय," मी म्हणाले. ती खरंच होती.