शेळ्यांचा वशिला

अयुब शेख सरकारी कागदावर परिचर होता, पण न्हावऱ्यापासून पार भीमेच्या काठापर्यंत सगळी गावं त्याला कंपौंडर म्हणत. वडील दौंडला रेल्वेत होते आणि मुलानेही तिथेच चिकटावं अशी त्यांची फार इच्छा होती. रेल्वेने घेतलं नाही, जनावरांच्या दवाखान्याने घेतलं. मग अयुबने दौंड सोडलं आणि शहजादीला घेऊन दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत संसार मांडला.

त्याच्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात बैलाच्या शिंगाचं ऑपरेशन म्हणजे दोरखंडाचं काम असे. शिंगाला कॅन्सर झालेला बैल आणायचा, पायांत दोर अडकवून आडवा पाडायचा, चार दांडग्या गड्यांनी त्याच्या मानेवर आणि पुठ्ठ्यावर बसायचं. शिंगाच्या मुळाशी बधिर करणारं इंजेक्शन दिलं जाई. ते पुरतं लागू पडलं तर ठीक, नाही पडलं तरी करवत थांबत नसे. डोकं धरायचं काम अयुबकडे. बैलाचा हंबरडा त्याच्या हातांतून वर चढत थेट छातीत शिरे. त्या दिवशी त्याला जेवण जात नसे. शहजादी ताट झाकून ठेवी आणि काही विचारत नसे.

पुढे झायलाझिन नावाचं औषध आलं. थोडंसं टोचलं की बैल मान खाली घालून उभ्या उभ्या पेंगू लागे. गडी बोलवायला नकोत, दोर नको. ज्या दिवशी पहिला बैल असा गप्प उभा राहिला, त्या दिवशी अयुबने दवाखान्यातला दोरखंड गुंडाळून माळ्यावर टाकला. जनावर गप्प म्हणजे जनावर सुखात, हे त्याच्या मनाने तेव्हाच ठरवून टाकलं.

दोन हजार साल उलटलं आणि डॉक्टर पूनम शितोळे दवाखान्यात बदलून आल्या. बाई कुरकुंभकडच्या, वयाने लहान, बोलायला फटकळ. नोकरी करता करता त्या पुढच्या पदवीचा अभ्यास करत होत्या आणि त्यांचा विषय होता शेळ्यांची भूल. बैलाला जे सहज सोसतं ते शेळीला सोसेलच असं नाही, म्हणून ऑपरेशनला येणाऱ्या शेळ्यांवर त्या औषधांच्या दोन जोड्या तपासणार होत्या. पहिली जोडी झायलाझिन आणि केटामिनची, तिला त्यांनी ‘अ’ म्हटलं. दुसरी डायझेपाम आणि केटामिनची, ती ‘ब’.

“मामा, कुठल्या शेळीला कुठलं औषध हे मी ठरवायचं नाही, तुम्हीही नाही,” पहिल्याच दिवशी त्यांनी अयुबला सांगितलं. पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात त्यांनी घड्या घातलेल्या चिठ्ठ्या भरल्या. “मी हात धुवायला गेले की तुम्ही डोळे मिटून एक उचलायची. निघेल ते.”

“आन् मालकानं दुसरंच मागितलं तर?”

“तर त्याला म्हणायचं, हे हॉटेल नाही.”

अयुब हसला. काम त्याला आवडलं होतं. शेळी आदल्या दिवसापासून उपाशी ठेवायला मालकांना बजावणं, तिचं वजन करणं, भूल चढली की श्वास मोजणं, लाळ घशात जाऊ नये म्हणून तोंड उताराला ठेवणं, हे सगळं तो मन लावून करी. मालकही त्याच्या शब्दावर शेळ्या आणत. नाहीतर शेळीला पोटावर सुरी लावायला सरकारी दवाखान्यात कोण आणतो?

बिघडलं ते तिसऱ्या-चौथ्या शेळीपाशी. तिला ‘ब’ मिळालं होतं. टाके घालून झाल्यावर भूल उतरताना ती अशी काही ओरडू लागली, पाय झाडू लागली, की बाहेर बसलेली तिची मालकीण पदर तोंडाला लावून रडायला लागली. अयुबच्या छातीत तो जुना हंबरडा पुन्हा शिरला. त्याआधीची ‘अ’वाली शेळी कशी, दगडासारखी पडून होती, हूं की चूं नाही.

मग एके दिवशी सोजरबाई आली. नवरा वारलेला, पोटी पोर नाही, कधीकाळी घराण्याचा शेळ्या-मेंढ्या कोंडायचा मोठा वाडगा होता त्यातल्या चार-पाच शेळ्या उरलेल्या. तिची चंद्री नावाची म्हातारी, हाडं मोजून घ्यावीत अशी शेळी होती. पोटाला आतडं उतरून गोळा आला होता.

“अयुबभाऊ, हिला हाल नगं व्हायला. माझ्यासंगं लई वर्सं हाय ती,” सोजरबाई म्हणाली.

मॅडम हात धुवायला गेल्या. अयुबने चिठ्ठी उचलली, उघडली. ‘ब’. त्याने ती परत डब्यात टाकली आणि दुसरी उचलली. ‘अ’ निघाली. एवढंच केलं. कुणाचं काही घेतलं नाही, कुणाला काही सांगितलं नाही.

चंद्री गप्प झोपली आणि उठलीच नाही. मॅडमनी बरीच खटपट केली, पण तिचा श्वास मंदावत मंदावत थांबला. सोजरबाई थोडा वेळ तिच्या कानावरून हात फिरवत बसली. मग उठून म्हणाली, “म्हातारी झालीवती. वरडली न्हाई, शांत गेली. तुम्ही लई केलंत, भाऊ.”

त्या शब्दांनी अयुबचा निश्चयच झाला. पुढचं वर्षभर ज्या शेळीची कीव आली तिला ‘अ’ची चिठ्ठी निघत गेली. म्हातारी, हडकुळी, गाभण, कुत्र्यांनी फाडलेली, सगळ्या ‘अ’मध्ये. आणि बागायतदारांचे तेल लावल्यासारखे चमकणारे बोकड ‘ब’मध्ये. ओरडले तरी सोसतील, असा त्याचा हिशेब.

पावसाळा सरला तशी मॅडमनी सगळी गोळाबेरीज मांडली. दुपारची वेळ होती, दवाखान्यात कुणी नव्हतं. त्या टेबलावरून मान न उचलता म्हणाल्या, “मामा, निकाल अगदी स्वच्छ आहे. ‘अ’ वाईट. ‘ब’मध्ये एकही दगावली नाही, आणि ‘अ’मध्ये बघा.”

“वाईट म्हंजी?”

“म्हणजे मी लिहिणार की ही जोडी शेळ्यांना देऊ नये. आमचे कॉलेजातले सर तर म्हणतात, लहान दवाखान्यांना झायलाझिन पाठवणंच थांबवा असं सुचव.”

“मंग बैलांना?”

“बैलांना काय, पूर्वी करायचे तसं. डायझेपाम सगळीकडे कुठं मिळतंय?”

अयुबला डोळ्यांपुढे माळ्यावरचा दोरखंड दिसला. मॅडम स्वतःशीच बोलत होत्या, “फक्त एक कळत नाही. चिठ्ठ्या टाकूनसुद्धा सगळ्या खंगलेल्या शेळ्या एकाच बाजूला कशा आल्या? नशीब म्हणायचं की काय.”

अयुब पाणी आणतो म्हणून बाहेर गेला आणि पाणी न आणता घरी जाऊन बसला. शहजादीने त्याचं तोंड पाहिलं आणि या वेळी मात्र विचारलं. त्याने सगळं सांगितलं. मॅडमचा अभ्यास खोटा ठरेल, नोकरीवर गदा येईल, हेही सांगितलं. आणि न सांगावं तर गावोगावच्या बैलांना पुन्हा दोर.

शहजादी तांदूळ निवडत होती. “तुमको किसने बोला था बकऱ्यांची पुढारकी करायला?” ती म्हणाली. “अब जाके बोलो. मॅडम गुस्सा करेगी. बैल तो गुस्सा भी नहीं कर सकता.”

तो परत गेला, टेबलापाशी उभा राहिला.

“मॅडम, नशीब न्हाई ते. चिठ्ठ्या मी निवडून काढल्या.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “किती?”

“बऱ्याच.”

“बऱ्याच म्हणजे किती, मामा?”

“ज्यांची कीव आली त्यांच्या सगळ्या.”

त्यांनी समोरचा आकड्यांचा कागद पालथा ठेवला. मग म्हणाल्या, “मी औषधांची परीक्षा घेत होते, आणि तुम्ही शेळ्यांना वशिला लावत होतात?”

“गरिबाच्या शेळीला चांगलं औषध मिळावं, एवढंच मनात होतं.”

“चांगलं कुठलं ते ठरलेलं असतं तर मी वर्षभर इथं कशाला घासत बसले असते?” आता त्यांचा आवाज चढला होता. “तुम्हाला कुणी सांगितलं ‘अ’ चांगलं?”

“‘ब’वाली वरडतात, मॅडम.”

“ओरडतात, पण दुखतं म्हणून नाही. गुंगी उतरताना तोंड चालतं, पाय चालतात, तिला त्याचा पत्ताही नसतो. आणि ‘अ’वाली गप्प असते म्हणून सुखात असते होय? तिचा श्वास मंदावतो, पोट फुगतं. धट्ट्याकट्ट्या शेळीला ते झेपतं. खंगलेलीला झेपत नाही, असा मला संशय होता. तेच तर मोजायचं होतं.”

अयुबला हे वाक्य कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो खाली बाकावर बसला. इतकी वर्षं मॅडमपुढे, कुठल्याच डॉक्टरपुढे, तो कधी बसला नव्हता.

“म्हंजी चंद्रीला ‘ब’ दिलं असतं तर...”

“जगली असती असं मी म्हणणार नाही. मला माहीत नाही. तुमच्यामुळे आता कुणालाच माहीत नाही.”

मॅडमनी त्याची तक्रार वर केली नाही. सरांना पत्र लिहून पहिल्या वर्षाचं सगळं काम रद्द धरलं, मुदत वाढवून मागितली आणि त्यासाठी बरीच बोलणी खाल्ली. अयुबला दोनच गोष्टी सांगितल्या. डब्याला यापुढे हात लावायचा नाही, चिठ्ठी मालक काढेल. आणि सोजरबाईला जे सांगायचं ते त्यानेच जाऊन सांगायचं.

तो गेला, पण लगेच नाही. बाजारात ती दिसली की तो दुसऱ्या बाजूने वळे. शेवटी एका सकाळी तिच्या वाडग्यापाशी जाऊन उभा राहिला आणि उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं. सोजरबाई शेण भरत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

“म्हंजी चिठ्ठी दुसरी निघालीवती?”

“व्हय.”

“आन् तुम्ही बदलली.”

“व्हय. तुमचंच भलं व्हावं म्हणून.”

“मला इचारलं व्हतं?” ती म्हणाली. “कौल लावल्यावर देवाच्या हातचं फूल कुणी उचलून दुसरीकडं ठेवतं का, भाऊ? आमच्यात असल्याला वाळीत टाकत्यात.” आणि ती पुन्हा शेण भरू लागली. जा म्हणाली नाही, बस म्हणाली नाही.

गावात बोभाटा झालाच. काही दिवस दवाखान्यात शेळ्या येईनात. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणे, “कंपौंडर, आमच्या म्हशीला तलाठ्याकडं वशिला लावा की.” अयुब खाली मान घालून चहा संपवी. तो दारोदार फिरून मालकांना डब्याचं सांगत राहिला, की आता चिठ्ठी तुमची तुम्ही काढायची. हळूहळू माणसं येऊ लागली. मॅडमनी या वेळी दोन डबे केले होते. अंगाने धड असलेल्या शेळ्यांचा एक, खंगलेल्यांचा वेगळा, आणि खंगलेल्यांसाठी ‘अ’ची मात्रा निम्मी. मात्रा कमी का, हे त्या प्रत्येक मालकाला समजावून सांगत.

उन्हाळ्याच्या तोंडाला सोजरबाई आली. तिची मोरी नावाची तरणी शेळी एकाच बाजूला गोल गोल फिरत होती, चारा खायचं विसरून पार खंगली होती. मॅडमनी कवटी दाबून पाहिली. एके जागी हाड मऊ लागलं. “आत पाण्याची गाठ आहे. काढली तर वाचेल,” त्या म्हणाल्या, आणि खंगलेल्या शेळ्यांचा डबा पुढे केला.

सोजरबाईने हात पदराला पुसला आणि चिठ्ठी काढली. तिला वाचता येत नव्हतं. तिने ती मॅडमना न देता अयुबपुढे धरली.

‘अ’ होती.

“कंचं?” तिने विचारलं.

दोघींच्या नजरा त्याच्यावर होत्या. डबा अजून उघडाच होता.

“चंद्रीला दिलं त्येच,” अयुब म्हणाला. “ह्या वक्ताला निम्मं.”

सोजरबाईने ओठ आवळले. “निघालं ते निघालं,” ती म्हणाली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली.

मोरी झोपली. मॅडमनी कवटीला लहानसं भोक पाडून पाण्याने भरलेली पातळ पिशवी चिमट्याने अलगद बाहेर ओढली. अयुबचं लक्ष पिशवीकडे नव्हतं. एक हात शेळीच्या बरगडीवर, दुसरा पोटावर. शेळी अगदी गप्प होती, आणि त्या गप्प असण्याची त्याला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटत होती. मध्येच पोट फुगल्यासारखं वाटलं तसा तो म्हणाला, “मॅडम, पोट.” दोघांनी मिळून तिला छातीवर टेकवून बसतं केलं, मान खाली सोडली. लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबली. मग एक मोठा ढेकर आला, आणि श्वास पुन्हा लयीत आला.

ऊन कलताना मोरीने मान उचलली. पाय फाकवून उभी राहिली, पडली, परत उठली आणि अयुबच्या अंगावर लेंड्या टाकून सरळ रेषेत दाराकडे चालू लागली. मॅडम हसल्या. त्यांच्या अभ्यासातली ही एक शेळी. अजून पुष्कळ यायच्या होत्या, त्यानंतरच त्यांना लिहिता येणार होतं, की धड शेळीला ‘अ’ चालतं, खंगलेलीला ते जपून आणि निम्मंच द्यावं, नाहीतर ‘ब’ बरं. आणि झायलाझिन कुठल्याही दवाखान्याचं थांबवायचं कारण नाही.

सोजरबाईने शेळी उचलून खांद्यावर घेतली. पायरीवर अयुब हात धूत होता.

“सोजरबाई,” तो म्हणाला, “मागचं मनात ठेवू नका.”

“ठेवणार,” ती म्हणाली. “का न ठेवू? चंद्री माझी व्हती.” चार पावलं गेली आणि वळली. “उद्या टाकं बघाया घरी या. च्या मिळंल. ग्वाड बोलणं मिळायचं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी अयुब तिच्याकडे गेला. टाके कोरडे होते.