पेढे ठेवा, बातमी वापस द्या

“आधी बंद करून पाहा,” वैशाली नगरातल्या आमच्या गल्लीतले सर कुठल्याही तक्रारीवर हेच म्हणायचे. माझं विजेचं बिल फुगलं, तेव्हा त्यांनी मेन स्विच बंद करायला लावलं. मीटर फिरतच राहिलं. “पाहा, तुमच्या पंख्यांचा दोष नाही. मीटरच खराब आहे.” मी कारखान्याच्या हिशेब विभागातला माणूस; असा ताळा मला आवडतो.

सर दुर्गच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत आणि वर्षानुवर्षं एका रेणूच्या मागे होते. तो बाटलीत भरून ठेवता येत नाही. काचेच्या लांब नळीतली हवा काढायची, थोडा वायू सोडायचा, त्यातून वीज न्यायची. मग तो तयार होतो आणि लगेच मोडतो. पण तेवढ्यात गिरक्या घेतो, आणि त्या गिरक्यांशी जुळणारी मायक्रोवेव्ह लहर शोषतो. पडद्यावर ठरलेल्या आकड्याशी रेघ उमटते. आकडा सरांनी गणित करून काढला होता. रेघ उमटत नव्हती. निवृत्तीला महिना उरला होता. पुढे कॉलेजातली ती प्रयोगाची खोलीही नाही आणि यंत्रही नाही.

एका संध्याकाळी ते पेढ्यांचा डबा घेऊन दारात उभे. “भाऊ, दिसली! बरोब्बर त्याच जागी!” कॉलेज बंद होता होता रेघ दिसली आणि सर तडक मिठाईच्या दुकानात गेले. साऱ्या गल्लीला ताळा शिकवणारा माणूस त्या दिवशी ताळा न घेताच निघाला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नळीतली वीज बंद केली. तो रेणू असता तर रेघ तत्क्षणी गेली असती. गेली नाही. आधीच्या प्रयोगातला वायू काचेला चिकटून राहिला होता, तोच सुटत होता आणि रेघ त्याची होती.

सांगितलं नसतं तर आम्हाला काय कळणार होतं? पण ते पुन्हा घरोघरी आले.

“आता काय सर, पेढे त पचले!” समोरचे काका म्हणाले.

“पेढे ठेवा. बातमी तेवढी वापस द्या.”

सगळे हसले. सरही हसले.

त्या रेणूची खरी रेघ त्यांना कधीच दिसली नाही. खोली गेली, आणि काही वर्षांत सरही गेले. वहिनींना भेटायला गेलो, तेव्हा तो प्रसंग निघाला. मी म्हणालो, “किती हसवलं होतं त्यांनी त्या दिवशी!”

“हो ना भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “मंग घरी आले, अन् न्हाणीत नळ सोडून बसले. मले वाटलं, पाणी भरून राहिले. बाल्टी त केव्हाचीच भरली होती. मी दाराशीच उभी होती. आवाज नाही दिला.”