हितं पाणी मुरतंय

तोंडात तीळ न भिजणारी माणसं मी पुष्कळ पाहिली; पण माझ्या भागीदाराच्या तोंडात अख्खं धरण सोडलं, तरी तीळ कोरडाच बाहेर येईल. आम्ही दोघं आर्किटेक्ट, कॉलेजपासूनचे मित्र, राजारामपुरीत एकच ऑफिस. त्याला जे कळतं ते लगेच ऑनलाइन वहीत जातं. ही वही त्यानंच सुरू केली, आणि आमच्याबरोबर काम करणारे मुरगूडपासून वारणानगरपर्यंतचे सगळे आर्किटेक्ट ती उघडून बसतात. कुठल्या खाणीचा दगड पावसात काळा पडतो, कुठल्या साइटवरचा कुत्रा चावतो, सगळं तिथं. सामायिक नकाशावरही तो बोलतो तसंच लिहितो. एका जिन्यावर लिहिलं होतं, "म्हातारीला गड चढवताय व्हय?" त्यावर लोक अंगठे वर करतात. मी ते मोजतो. माझा जळफळाट होतो, हे घरी सगळ्यांना माहीत आहे.

गच्चीचा कोपरा गळू नये म्हणून माझीही एक युक्ती आहे, वीस वर्षांत हाताला बसलेली. ती पेन ड्राइव्हमध्ये, पेन ड्राइव्ह कपाटात आणि किल्ली माझ्या खिशात. ती वहीत टाकायची म्हणजे तिच्यावरचे अंगठेही त्याच्याच वहीला जायचे.

परवा एका वसतिगृहाच्या नकाशावर, मी काढलेल्या गच्चीवर, त्यानं लाल अक्षरांत लिहिलं, "हितं पाणी मुरतंय." मी काहीतरी लपवतो हे ओळखून यानं चारचौघांत टोमणा मारला, असं मी धरून चाललो. दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तो चहा घेऊन टेबलाशी आला.

"लेका, उताराचा बाण उलटा काढलास की. पाणी मुरणारच."

बाण खरंच उलटा होता. बाण सुलटा केला आणि उताराची खात्री करायला वहीत 'गच्ची' शोधलं, तर समोर माझी युक्ती, चित्रासकट. तळपायाची आग मस्तकात गेली. चित्राखाली दोन वर्षांपूर्वीची तारीख होती आणि लिहिलं होतं, "ही युक्ती माझ्या दोस्ताची हाय. तो सांगत न्हाय, म्हणून त्याच्या कामावर बघून लिवली. चुकली आसंल तर त्यानंच सुधरावी." त्याखाली थोडी जागा मोकळी सोडली होती.

चित्रात एक चूक होती, आणि ती माझ्याशिवाय कुणाला कळणार नव्हती. दोन वर्षं ती जागा मोकळी होती, आणि मी शेजारच्या टेबलावर बसून त्याचे अंगठे मोजत होतो.