खांडेनवमीला नदीत धुतलेली जीप

खांडेनवमी होऊन आठ दिवस झाले नाहीत, तोच आमच्या जीपचा मागचा आस घोंघावू लागला आणि घरात एकमतानं ठरलं की हे माझ्यामुळं झालं. कुणी खाली वाकून पाहिलं नाही, कुणी तेल तपासलं नाही. बाई गाडी चालवते, एवढा पुरावा त्यांना पुरला. आज इतकी वर्षं झाली तरी ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते, आणि मी ती खुशाल जाऊ देते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, साखऱ्याच्या अलीकडं, आणि मी बारा किलोमीटरवरच्या एका जिल्हा परिषद शाळेवर शिक्षणसेवक. तीन वर्षं सलग भरली की कायम करायचे, मध्ये खंड पडला की गेलं सगळं वाहून. माझं तिसरं वर्ष चालू होतं. त्या वाटेला एसटी नाही, आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा असा चिखल की मोटारसायकल उचलून न्यावी लागे. म्हणून नवऱ्यानं घरची जुनी जीप माझ्या हवाली केली होती. चारही चाकांनी ओढणारी गाडी, एक दांडा खाली टाकला की पुढची चाकंही जोर लावायची. नवरा स्वतः नांदेडला नोकरीवर, पंधरा दिवसांतून एकदा घरी.

गाडी मला माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी शिकवली. हिंगोलीत टिनाच्या शेडमध्ये त्यांनी जन्मभर जीपा दुरुस्त केल्या. माझ्या लग्नात रुखवत मांडलं, तर मावशीनं केलेल्या मण्यांच्या तोरणाशेजारी दादांनी पान्यांचा आख्खा संच मांडून ठेवला. त्यात त्यांनी स्वतः घासून केलेला एक चौकोनी पाना होता, आसाच्या गोळ्याचा नट सोडायचा. वऱ्हाडी मंडळी पोट धरून हसली. सासरे तर म्हणाले, "व्याही, पोरगी देऊन राहिले का मिस्त्री?" दादाही हसले आणि म्हणाले, "दोन्ही."

तर आस घोंघावू लागला. वेग धरला की घूंऽऽ, पाय काढला की आणखी मोठ्यानं. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी खुंटीवरची चावी काढली आणि धोतराच्या कनवटीला खोचली.

"मामा, मला शाळेला उशीर होऊन राहिला," मी म्हणाले.

"बाईमानसानं गाडी हाणली की असंच व्हनार. तुला काहून पायजे गाडी? नोकरी सोड, घर बघ."

नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणे, घरात वाद नको, आलो की बोलू. तो आला आणि मूग गिळून परत गेला. आणि जी गाडी मी 'खराब केली', ती धाकटा दीर रोज गावभर फिरवत होता, बरं का! त्याच्या हातात ती घोंघावली तर तो गाडीचा दोष, माझ्या हातात घोंघावली तर तो माझा.

मी पहाटे उठून फाट्यापर्यंत चालत जायचे. कधी ट्रॅक्टर, कधी दुधाची गाडी, कधी काहीच नाही. दोन महिन्यांत सात वेळा शाळेत उशिरा पोचले. मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता, पण त्यानं स्पष्ट सांगितलं, "मॅडम, आता पुढच्या वेळी मला वर लिहावं लागेल." म्हणजे अडीच वर्षांची नोकरी आता सासऱ्यांच्या कनवटीला अडकली होती.

माझी सुटका झाली ती दिराच्या लग्नामुळं. जवळा बाजारची एक मुलगी पाहायला जायचं ठरलं. रविवार, दुपारचा वक्त. आणि आदल्या दिवशी सासऱ्यांच्या डोक्यात आलं की गाडी अशी रडत व्याह्यांच्या दारात गेली तर काय इज्जत राहील? दीर म्हणाला, मिस्त्री आठ दिवस मागतो. तेव्हा मी भाकरी थापता थापता म्हणाले, "तेल मी बदलते. दादांनी दिलेले दोन डबे पडून आहेत. आत काय झालंय तेही कळेल."

"वहिनी, ते काय पीठ हाय मळायला?" दीर फिदीफिदी हसला.

"व्हय, पीठच समजा. तुम्ही परात धरा."

रविवारी सकाळी अंगणात सपाट जागा बघून गाडी उन्हात लावायला सांगितली, चाकांना दगड लावले, खाली बारदान अंथरलं. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवला आणि शिरले गाडीखाली. मागच्या आसाच्या मधोमध कलिंगडाएवढा लोखंडी गोळा असतो, त्याच्या आत दातेरी चक्रं तेलात फिरतात. दिरानं मर्दानगी दाखवायला पाना घेऊन थेट खालच्या नटालाच हात घातला. मी फटकन त्याच्या हातावर मारलं.

"वरचा आधी!"

हे दादांनी मला दहादा सांगितलेलं. "माय, आधी वरचा, भरायचा नट सुटतो का ते बघ. तो सुटला तरच खालचा सोड. न्हाईतर समदं तेल सांडून बसशील आन परत भरायला वाटच न्हाई." आणि वरचा नट गंजून असा बसला होता की सुटता सुटेना. रॉकेल सोडलं, हातोडीनं ठोकलं, पान्याला पाइप लावून ओढलं. अर्धा तास गेला. सासरे ओट्यावर बसून "बघा तमाशा" म्हणत होते. शेवटी नट कर्रकन फिरला. मग मी खाली परात सरकवली आणि खालचा नट काढला.

आधी तेल आलंच नाही. पाणी आलं. चांगलं तांब्याभर पाणी, आणि त्याच्यामागून दूध जास्त झालेल्या चहासारखं पांढरट, घाण वासाचं काहीतरी लिबलिबत खाली आलं. तेलात पाणी मिसळून किती दिवस घुसळलं गेलं असेल तेव्हा त्याचं असं होतं! पुढचा आसही उघडला. तिथंही तेच.

"हे तुमच्या नाल्याचं पानी," दीर लगेच म्हणाला. "रोज जाता ना नाल्यातून!"

"नाल्यात घोट्याएवढं पाणी. ह्या गोळ्याच्या डोक्यावर हवेची नळी आहे, ती बुडायला मांडीएवढं तरी पाणी लागतं. सांगा, कुठं घातली होती गाडी?"

तो पाना पुसायला लागला. सासरे आभाळाकडं बघायला लागले. आणि तेवढ्यात माझी सासू, जी एरवी त्या दोघांसमोर तोंड उघडत नसे, ती तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता बोलली.

"नवमीला नदीत घातली व्हती की. पुजेला धुवायला. पार कंबरंएवढ्या पान्यात. मी खाली धुनं धूत व्हते. ह्यो पोरगा हिंगोलीहून आला तशीच घातली पान्यात, चाकं कशी चर्र वाजली. ह्येबी बसले व्हते आत."

'ह्ये' म्हणजे सासरे! बैल धुवायला न्यावेत तशी तापलेली गाडी दोघांनी नदीत उभी केली होती. तापलेला लोखंडी गोळा गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढून घेते. हे त्यांना ठाऊक नव्हतं, कबूल. पण नदी तर ठाऊक होती ना? त्या दिवशी गाडीला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि आठ दिवसांनी खापर फोडलं माझ्या डोक्यावर.

"आत्या, तुम्ही दोन महिने का नाही बोललात?" मी गाडीखालूनच ओरडले.

"मला कुनी इचारलं का?" ती म्हणाली आणि खडा वेचून फेकला.

मला वाटलं, आता तरी कोणी 'चुकलं' म्हणेल. छे! सासरे घसा खाकरून म्हणाले, "जाऊ दे. पोरगं हाय. देवाच्या कामासाठीच धुतली ना त्यानं? यंत्र हाय, व्हतं असं. भर तेल लवकर, दोन वाजता निघायचं हाय."

व्हतं असं! दोन महिने मी पायपीट केली तेव्हा 'व्हतं असं' नव्हतं. माझ्या नावावर होता तोवर गुन्हा, पोराच्या नावावर जाताच ते देवाचं काम. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. हाताला तेल होतं म्हणून पुसताही येईना. आणि एकदम लक्षात आलं की दोन्ही गोळे रिकामे आहेत, खालचे दोन्ही नट माझ्या मुठीत आहेत आणि चौकोनी पाना माझा आहे. बिनतेलाची गाडी जवळा बाजारला काय, फाट्यालाही पोचली नसती.

मी गाडीखालून बाहेर आले, ओट्यासमोर बारदानावर मांडी घालून बसले.

"चावी द्या मामा. मग भरते."

"काय म्हनली?"

"चावी. कायमची. उद्या सोमवार आहे, मला शाळा आहे."

दीर ओरडला, "वहिनी, माझ्या लग्नाचा दिवस हाय!"

"अजून नाही. अजून नुसता बघायचा दिवस आहे. आणि त्या पोरीला म्हणावं, नदीपासून जपून राहा."

सासू फसकन हसली आणि पदर तोंडाला लावला. सासरे लालबुंद. बारा वाजले, साडेबारा वाजले. मी हलले नाही. शेवटी ते उठले, कनवटीतून चावी काढली आणि माझ्यासमोर जमिनीवर टाकायला वाकले.

"हातात द्या," मी म्हणाले.

"हात तरी धू आधी."

"असाच द्या."

त्यांनी दिली. देताना त्यांची बोटं माझ्या तळव्याला लागली आणि ते पांढरट तेल त्यांच्या बोटांना चिकटलं. तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत त्यांनी ते कोऱ्या धोतराला पुसलं. मी डिझेल घालून दोन्ही गोळे खंगाळले, नट घट्ट केले, नव्वद नंबरचं नवं तेल वरच्या भोकातून ओघळेपर्यंत भरलं. दीड वाजता गाडी तयार होती. घोंघावणं बरंच कमी झालं. खाल्लं गेलेलं बेअरिंग पुढं दादांनी बदललं. सोमवारी मी वेळेवर शाळेत होते, आणि त्या वर्षी नोकरी कायम झाली.

घरातले कपडे मीच धुवायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते धोतर माझ्याकडंच आलं. सगळं धोतर मी स्वच्छ, पांढरंफेक धुतलं. तेवढा डाग धुतला नाही.