बिडीचा रोजा

कुणी मला बिडी सोड म्हटलं, की मी मुद्दाम त्याच्यासमोर दुसरी पेटवायचो. स्वभावच तसा, हट्टी. नळदुर्गला हायवेवर माझं पंक्चरचं दुकान आहे. दिवसभर ट्रकच्या चाकांत हवा भरतो आणि चार पायऱ्या चढून धापा टाकतो, म्हणून बायको टोमणे मारायची. डॉक्टरही सांगून थकले. मी सगळ्यांच्या तोंडावर रमजान फेकायचो: महिनाभर उजाडल्यापासून मावळेपर्यंत बिडीला हात लावत नाही, मग मी व्यसनी कसा? मावळल्यावर दुप्पट ओढतो, हे मात्र सांगायचो नाही.

आमच्या मोहल्ल्यातल्या छोट्या मशिदीत संध्याकाळची अजान अब्बा द्यायचे. ते गेल्यावर ती माझ्याकडं आली. मिरवावं असं माझ्याजवळ तेवढंच होतं. मागच्या रमजानात एके दिवशी वेळ झाल्याबरोबर मी खजूर खाऊन रोजा सोडला आणि माईक घेण्याआधी मागच्या भिंतीआड जाऊन घाईघाईत बिडीचे दोन झुरके मारले. अजान सुरू केली आणि दुसऱ्याच ओळीला खोकल्यानं गाठलं. थांबेचना. घराघरांत माणसं हातात खजूर धरून बसलेली, आणि भोंग्यातून त्यांना माझी उबळ ऐकू जात होती. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात एका अनोळखी माणसानं माझ्या हातातून माईक घेतला आणि पहिल्यापासून अजान दिली. हैदराबादकडं निघालेला ट्रक ड्रायव्हर होता, रोजा सोडायला थांबलेला. नमाज झाल्यावर मी चपला घातल्या. पुन्हा इथं पाऊल टाकायचं नाही, असं ठरवूनच निघालो. तो मागोमाग आला. आता हा उपदेश करणार, म्हणून मी आधीच कपाळाला आठ्या घातल्या.

"मियाँ, तोंडाला बिडीचा वास हाय. दिसभर ती कुणाच्या भरवशावर सोडली व्हती?"

"अल्लाच्या."

"मग दिस मावळून मगरिब झाली की त्यो भरवसा कुठं जातो?"

त्यानं खांद्यावर हात ठेवला. "म्या बी लई ओढत व्हतो. एकट्याच्यानं न्हाय जमलं. लाज सोडली अन् सरकारी दवाखान्यात गेलो. तुमी बी जावा."

ट्रक निघून गेला. नाव विचारायचंही राहिलं. हायवेवरून रोज एवढे ट्रक जातात, नेमका त्या घडीला तो आमच्याच मशिदीत कसा आला, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मी अल्लाचा शुक्र मानतो.

मशिदीच्या लोकांनी अजान दुसऱ्याकडं दिली. बरोबरच होतं, पण मनाला लागलं. दवाखान्यात गेलो. तिथल्या समुपदेशक ताई रागावल्या नाहीत. तलफ कधी येते, तेवढं विचारलं, रोजा सोडल्यावर, इफ्तारनंतर, चघळायला गोळ्या दिल्या, दर आठवड्याला यायला सांगितलं. दोनदा चुकून बिडी ओढली, तेही त्यांना सांगितलं. "परत सुरू करा, चाचा," एवढंच म्हणाल्या. घरात मी जमदग्नी झालो होतो. मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवलं. बायकोनं तेही सोसलं. पहाटे सहरीचं जेवण उरकून रोज्याची नियत, म्हणजे संकल्प, करताना मी पुढचं मागणंही जोडू लागलो: रात्रही तुझ्याच भरवशावर.

शेजारच्या ढाब्यावरचा बब्रुवान हा माझा वीस वर्षांचा बिडीचा सोबती. ह्याचं नाटक ईदपर्यंतच, असं तो सगळ्यांना सांगत होता. ईदला घरी आला, शीरखुर्म्याची वाटी संपवली आणि बिडी पुढं केली.

"घे की. रोजे तर संपले."

तलफ तर आलीच. मी बिडी घेतली, मोडली आणि परत त्याच्या हातावर ठेवली.

"माझा चालू हाय."

"आरं, मग ह्यो सोडणार कधी?"

"ह्याला इफ्तार न्हाय, बब्र्या."

बकरी ईदपासून अजान परत माझ्याकडं आली. लांब ओळीला आवाज अजून कापतो, तरी शेवटपर्यंत जातो. तलफही येते. येऊ दे. रोज पहाटे मी कपाळ जमिनीला टेकवून एका दिवसापुरती ताकद मागून घेतो, आणि उठल्यावर बिडीपुढं मान वाकवत नाही.