सिस्टरची गाडी थंडीत का अडायची

किक मारण्याआधी सिस्टर पेट्रोलच्या टाकीवर तळहात ठेवायच्या आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणायच्या, "आज तरी जाऊ दे, बाई."

मला ऐकू जायचं, कारण उदगीरच्या त्या गल्लीत माझं गॅरेज त्यांच्या दारासमोरच आहे. सिस्टर कर्नाटकच्या बाजूच्या एका खेड्यात, सरकारी उपकेंद्रात नर्स होत्या. तिकडची पहिली एसटी दहाला आणि केंद्र उघडायचं नऊला. नवरा कामावरच छाती धरून गेला, तेव्हा त्याचीच मोटारसायकल किल्ल्याजवळच्या मैदानात शिकल्या. घरात त्या आणि सासू, दोघीच. सासूला सगळी गल्ली अव्वा म्हणायची.

थंडी पडली की गाडी अडायची. स्वेटरवर पदर खोचून सिस्टर किका मारत, आणि तुम्हीही आपापल्या गल्लीत पाहिलं असेल, चहाचा कप हातात घेऊन माणसं गोळा होत. "चोक ओढा." "पिकअप देऊ नका, पेट्रोल जास्त होतंय." "जरा आडवी करा." सिस्टर सगळ्यांना "हाव, हाव" म्हणत आणि किका मारत राहत. दहाएक मिनिटांनी वाकून काहीतरी चाचपत, मग गाडी सुरू होई.

मी कार्बोरेटर खोलून धुतला. चोकची पट्टी पूर्ण बसत नव्हती, ती बसवली. प्लग काळा पडला होता, नवा टाकला. दोन दिवस गाडी एका किकेत. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बघितलं तर प्लगवरची कॅप सैल. ती नीट बसली नाही तर ठिणगीच पडत नाही. कॅप बदलली. नवीही आठवड्यात सैल झाली.

मला माझ्याच हाताचा संशय यायला लागला. "सिस्टर, तिकडं गावात कशी सुरू होते?"

"तिकडं? बाळंतपणाला मुक्काम पडला की रातभर दवात उभी असते. सकाळी एका किकेत."

म्हणजे हे थंडीचं दुखणं नव्हतं.

एका पहाटे मी नमाज पढून परत येत होतो. अव्वा ओट्याखाली गाडीशी बसल्या होत्या, हात टाकीच्या खाली, प्लगच्या कॅपवर. त्यांचा मुलगा चोराच्या भीतीनं बाजारात कॅप काढून खिशात ठेवायचा. ते त्यांनी पाहिलेलं. मला बघूनही त्यांनी हात काढला नाही.

"दिवसभर ह्या घरात मी आन भिंती," त्या म्हणाल्या. "पोरगा असाच थंडीत सकाळी गेला. संध्याकाळी न्हाई आला. थंडी पडली की मला त्येच दिसतं."

दोन दिवसांनी मी सिस्टरना सांगितलं. त्यांनी मान खाली घातली.

"मला ठाऊक हाय, भाई. पहिल्या हिवाळ्यापासून."

"मग एवढ्या किका कशाला मारता?"

"लगेच कॅप बसवली तर त्यांना कळंल, की मला कळलंय. ती दहा मिनटं त्यांची. दारात उभ्या राहून बघतात." मग म्हणाल्या, "आन सुरू झाली तरी मी जाणार कुठं? संध्याकाळी हितंच यायचंय."

त्याच थंडीत एका सकाळी गावातून फोन आला. एका पोरीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या आणि रुग्णवाहिका लांब होती. सिस्टर धावत बाहेर आल्या. त्या दिवशी कॅप सैल नव्हती, जागेवरच नव्हती.

त्या अव्वांसमोर उभ्या राहिल्या. "आत्या, द्या."

अव्वा हलल्या नाहीत.

"आत्या, तिथं लेकरू येतंय."

अव्वांनी पदराची गाठ धरली. ती त्यांना सुटेना, शेवटी सिस्टरनीच सोडवली आणि आतली कॅप काढून घेतली.

त्या पोचल्या तेव्हा बाळ ओसरीवरच झालं होतं. दोघं जगली. "देवानं केलं, मी नव्हते तिथं," एवढंच त्या मला म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी अव्वांनाच मागच्या सीटवर बसवलं.

तेव्हापासून अव्वा रोज केंद्रात जायच्या, लस टोचलेल्या लेकरांना मांडीवर घेऊन गप्प करायच्या. गल्लीनं कौतुक केलं. मीही केलं, तेव्हा सिस्टर हसल्या.

"चांगलंच झालं, भाई. फकस्त तेवढा अर्ध्या तासाचा रस्ता माझा एकटीचा होता."

मी हातातला पाना उगीच पुसत राहिलो.

मागच्या वर्षी त्यांची बदली झाली, निलंग्याच्या पुढं, राहायला खोली असलेल्या केंद्रात. सामान टेम्पोनं आधीच गेलं होतं. घराला कुलूप लावून दोघी निघाल्या. गाडी एका किकेत सुरू झाली. अव्वांनी मागून दोन्ही हातांनी सुनेची कंबर धरली होती. सिस्टरनी ते हात हलकेच जरा सैल केले, श्वास घेतला, गिअर टाकला. गल्लीच्या वळणावर मला दिसलं, अव्वांनी ते पुन्हा घट्ट केले होते.