कमरेवरची काळी रेघ

कपड्याच्या दुकानात बसणाऱ्या बाईला जग बदललेलं आधी फळीवर दिसतं. भंडाऱ्याच्या बाजारात आमचं दुकान आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा दुकानाची एक अख्खी भिंत नऊवारी लुगड्यांची होती. आता त्यांची एकच फळी उरली आहे, तीही अगदी वरची. गिऱ्हाईक आलं की शिडी लावून धूळ झटकत लुगडं काढावं लागतं. हाताशी येणारी सगळी जागा गाऊननं बळकावली. सकाळी भाजीवाल्याच्या गाडीभोवती गाऊनवर ओढणी टाकून उभ्या असलेल्या बाया दिसतात, त्यातली एक मी.

मोठीमायला हे अजिबात खपत नसे. मोठीमाय म्हणजे माझी माहेरची थोरली काकू. आमचं माहेरचं घर विणकरांचं. काका मागावर बसायचे आणि मोठीमाय कांड्यांवर सूत भरून द्यायची. मागाचा आवाज बंद होऊन बरीच वर्षं झाली, काकाही गेले. ती अड्याळ गावी एकटी राहते. तिला मूलबाळ नाही, त्यामुळे तिची बोलणी खायचा मान माझ्याकडे आहे. मला गाऊनवर पाहिलं की तिचं ठरलेलं वाक्य असे, "आता बाया निजाच्या कपड्यावरच बजार करून राहिल्या."

लुगडं नेसावं तर तिनंच. भल्या पहाटे नेसली की रात्रीपर्यंत निरी हलत नसे. गल्लीत नवी सून आली की तिला नेसायला शिकवायला मोठीमायला बोलावणं जाई. गुडघा टेकून ती पोरीची गाठ अशी आवळायची की पोरीचे डोळे पांढरे व्हायचे. वर ऐकवायची, "बाईची गाठ सैल तं बाई सैल." शेजारची काकी तिच्याच हाताखाली शिकलेली. दोघींचं सारं आयुष्य बरोबर गेलं. आमचा माग बंद पडल्यावर मोठीमाय काकीच्याच बांधीत धानाच्या रोवणीला जायची.

एकदा हिवाळ्यात मी दोन दिवस अड्याळला राहायला गेले होते. मोठीमाय आणि काकी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या आणि मी पेपर वाचून दाखवत होते. गोऱ्या लोकांच्या कुठल्याशा देशात कातडीचा कॅन्सर पिढीगणिक वाढत गेल्याची बातमी होती. लोक मुद्दाम उन्हात लोळतात, म्हणून वाढला. आता तिथली पोरं टोपी घातल्याशिवाय शाळेच्या मैदानावर जात नाहीत, त्यामुळे तरुणांमध्ये थोडा कमी होतो आहे. आपल्या देशात तो फारसा नाहीच, असंही शेवटी लिहिलं होतं. दोघी हसून हसून लोटपोट झाल्या. मोठीमाय म्हणाली, आम्ही उन्हाला भ्यायलो असतो तर तुम्ही भाताऐवजी पेपर खाल्ला असता. काकी म्हणाली, आपली कातडी देवानं चांगली भाजून पाठवली आहे. मीही हसले. बातमी आमची नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोरीवरची तिची लुगडी काढत होते. कापड हातात आलं की मी ते उलटसुलट करून बघतेच, धंद्याची खोड. लुगडं कमरेला आधी विरतं, त्यात काही नवल नाही. पण या लुगड्यावर गाठीच्या जागी पिवळट-तांबूस डाग होता. दुसरं लुगडं उघडलं, तिथेही तसाच डाग, त्याच जागी. हळदीचा म्हणावा तर हळद उन्हात उडते.

मी विचारलं. ती म्हणाली, काही नाही, चट्टा आहे, तेल-हळद लावते. दाखव म्हटलं, तर अंगावरच आली. "कंबर काय दाखवाची चीज हाय?" काकांनी तरी कधी उजेडात पाहिली होती का, असंही म्हणाली. आता हट्टात मी तिचीच पुतणी. दाखवशील तेव्हा जेवीन म्हणून दारात बसले. तिचा कोंबडा-भात चुलीवर तयार, आणि पोर उपाशी बसलेली. दुपार कलली तशी ती उठली, दाराला कडी लावली आणि पाठ फिरवून गाठ सोडली.

तिच्या वयाच्या सगळ्या बायांच्या कमरेला असते तशी काळी, खरखरीत रेघ तिलाही होती. त्या रेघेला कोणी रोग म्हणत नाही. कपाळावर गोंदण तशी कमरेवर रेघ. पण उजवीकडे, जिथे गाठ बसते तिथे, फुलकोबीच्या तुऱ्यासारखं मांस वर आलं होतं आणि कडेनं ओलं होतं. त्यावर ती कापडाची घडी ठेवायची. घडी सरकू नये म्हणून गाठ आणखी आवळायची. किती दिवसांपासून, हे तिनं मला अजूनही सांगितलेलं नाही. मला तिचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. मग आम्ही दोघी जेवलो.

नागपूरच्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला. कॅन्सरच निघाला, कातडीचा. मी डॉक्टरीणबाईंशी वादच घालायला बसले. आमच्यात कसा होईल? पेपरात तर असं असं लिहिलं होतं. बाई तरुण होत्या, पण चिडल्या नाहीत. म्हणाल्या, पेपर खोटा नाही. उन्हाचा कॅन्सर आपल्याकडे खरंच कमी. पण कातडी एकाच जागी वर्षानुवर्षं घासली, सोलली, भरली आणि पुन्हा सोलली, तर तिथेही होऊ शकतो. लुगड्याच्या गाठीनं, धोतरानं, परकराच्या नाडीनंही. सगळ्यांना होत नाही, फार थोड्यांना होतो. जुन्या डॉक्टरांना असे रोगी ठाऊक होते. आता पुरुष पँट घालतात, पोरी इलॅस्टिकचं घालतात, त्यामुळे असे रोगी क्वचितच येतात. "कमी आहे म्हणून कोणी बघत नाही," त्या म्हणाल्या, "आणि बघत नाही म्हणून उशिरा येतात."

हे वाक्य मी अजून चघळते आहे. देशाचा आकडा खाली आला की आपल्याला वाटतं, कोणी मोठं काम केलं असेल. इथे तर कोणी काहीच केलं नव्हतं. माझ्या दुकानातली एक फळी रिकामी झाली आणि दुसरी भरली, एवढंच. तिकडे गोऱ्यांनी टोपी घातली, इकडे आम्ही गाऊन घातला. पण आकडा देशाचा असतो आणि कंबर एकीची. ज्या बाईनं लुगडं सोडलं नाही, तिला त्या खाली आलेल्या आकड्याचा काय उपयोग? आणि मी, आयुष्यभर नाडीचे परकर विकणारी बाई, घरी आल्यावर आधी आरशासमोर उभी राहिले. रेघ मलाही होती, फिकट.

ऑपरेशन झालं. रोग जांघेपर्यंत पोचला नव्हता, हे नशीब. मांडीची कातडी काढून कमरेला लावली. मोठीमायनं पट्टी बदलताना वाकून पाहिलं आणि डॉक्टरीणबाईंना रफू बरा जमतो म्हणाली. कॅन्सरच्या नावानं ती रडली नव्हती, आताही रडली नाही. पण घरी सोडताना बाईंनी सांगितलं, यापुढे कमरेला काहीही आवळायचं नाही, लुगडं तर नाहीच. तेव्हा मात्र तिनं पिशवीतलं लुगडं काढून मांडीवर घेतलं. भंडाऱ्यापर्यंत गाडीत त्याची घडी मोडत आणि पुन्हा घालत राहिली.

माझ्याकडे महिनाभर ती गाऊनमध्ये राहिली. कोणी आलं की आतल्या खोलीत जायची. मला वाटलं, आता ही अड्याळला जायची नाही. गेली तर घराबाहेर पडायची नाही, आणि त्यानंच मरेल. पण अड्याळच्या बाजाराच्या दिवशी म्हणाली, मला गावी सोडून दे. मी लुगड्यासारख्या काठाचं कापड शोधून तिला सैल, पायघोळ गाऊन शिवून दिला होता. तोच घालून ती एसटीतून अड्याळला उतरली आणि घरी न जाता सरळ बाजारात शिरली. डोक्यावर पदर घ्यायची सवय, पण पदर कुठला? हात नुसताच डोक्यापर्यंत जाऊन परत येत होता. मागे मी, पिशवी धरून, मान खाली घालून.

लोक बघायला लागले. मिरच्या घेत उभी असलेली काकी सगळ्यांत मोठ्यानं हसली. "बाई वं, तूबी निजाचे कपडे घालून बजारात?" मोठीमाय थांबली. "कंबरेले कॅन्सर झाला होता," भर बाजारात ती म्हणाली. "गाठीनं. मीच तुमाले आवळाले शिकवलं. आपापली कंबर पाहून घ्या." आणि पुढच्या गाड्यावर वांग्याचा भाव विचारायला लागली.

संध्याकाळी मागच्या दारानं काकी आली. बराच वेळ बसली, चहा प्याली, पावसापाण्याचं बोलली, धानाचं बोलली. मग खाली मान घालून म्हणाली, "माही कंबर पाहून दे जरा."

मोठीमायनं दाराला कडी लावली. काकीची गाठ सुटेना, इतकी घट्ट होती. मी कात्री आणायला उठले, तर मोठीमायनं मला खाली बसवलं. विणकराच्या घरात लुगड्याला कात्री लावत नाहीत. ती गुडघ्यावर बसली, नव्या सुनांसमोर बसायची तशी, आणि उरल्यासुरल्या दातांनी तिनं ती गाठ सोडवली. दिवा जवळ घेऊन पाहिलं, बोटानं चाचपलं, पुन्हा पाहिलं. रेघ काळी होती, खरखरीत होती, पण कातडी कुठे फुटलेली नव्हती.

"जखम नाई वं तुले," मोठीमाय म्हणाली, आणि काकीच्या कमरेला डोकं टेकवून रडायला लागली.